सीएसआर आला म्हणून लोकवर्गणी कालबाह्य झाली का?

सामाजिक संस्थांविषयी एक मत सध्या वरचेवर पुढे पाठवले जाते. लोकवर्गणीतून जमते ती चिल्लर, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी आल्यापासून तिची गरज उरलेली नाही आणि गावाचा पैसा घेतला की गावकीचे राजकारण संस्थेत शिरते, असे त्याचे सार. यातील शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिले दोन टिकत नाहीत.

चिल्लर म्हणणाऱ्यांनी रयत शिक्षण संस्थेचा इतिहास पाहावा. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे ती स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातील मुलांसाठी मुष्टिफंड उभारला. त्यासाठी घरोघरच्या बाया दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत. एका मुठीने कोणाचे पोट भरत नव्हते हे खरेच, पण ज्या घरातून मूठ निघे त्या घराला संस्था आपली वाटू लागे, आणि ही आपुलकी कोणत्याही धनादेशासोबत येत नाही. सरकारी पैशाचा मात्र असा भरवसा नसतो: १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून रदबदली केली ती गाडगेबाबांनी.

सीएसआरचा मुद्दा कायद्यातच अडतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के खर्च करायचे असतात आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. म्हणजे जिथे कारखानदारी, तिथे निधी. दुर्गम तालुक्यातील संस्थेने काय करावे, याचे उत्तर त्यात नाही. शिवाय बहुवार्षिक प्रकल्पालाही, सुरुवातीचे वर्ष सोडून, तीन वर्षांची मर्यादा आहे. प्रकल्प संपला तरी कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचा पगार आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याचे घर चालवावेच लागते. नाट्यप्रयोग आणि लोकांच्या देणग्या यांतून उभा राहिलेला सामाजिक कृतज्ञता निधी कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देतो, ते नेमकी ही गरज ओळखूनच. परदेशी निधीचा मार्गही परकीय योगदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने अरुंद केला आहे: एका संस्थेने दुसरीला तो देण्यास बंदी आली आणि मोठ्या संस्थांमार्फत पैसा मिळवणाऱ्या छोट्या संस्था उघड्यावर पडल्या.

राहिला गावकीचा मुद्दा. मंदिराच्या जीर्णोद्धाराला किंवा यात्रेला सढळ असणारा हात मारहाण झालेल्या बाईच्या निवाऱ्यासाठी आखडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि म्हणून अशा कामाने केवळ गावावर विसंबू नये. मात्र एकाच मोठ्या दात्याची मर्जीही तितकीच जाचक असते. दाते अनेक आणि विखुरलेले असले की कोणा एकाचा शब्द अखेरचा ठरत नाही. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो आणि दूरदूरचे वाचक त्यांना देणग्या पाठवतात; त्यांपैकी बहुतेकांचा संस्थेच्या गावातील भाऊबंदकीशी काडीचाही संबंध नसतो.