मांजर रवंथ करतं का?

आमची सुपारी, म्हणजे आमचं मांजर, सोसायटीच्या जिन्यात शिंकली. एकदाच, पण नेमकी सेक्रेटरींच्या पायाशी. संध्याकाळी ग्रुपवर हुकूम आला: 'सर्व प्राणीधारक सभासदांनी आपला प्राणी निरोगी असल्याचा डॉक्टरांचा दाखला कार्यालयात जमा करावा.' सर्व प्राणीधारक सभासद म्हणजे मी. खुद्द सेक्रेटरी दिवाळीपासून लिफ्टमध्ये खोकताहेत, त्यांच्याकडे कोणी दाखला मागितलेला नाही. सोसायटीला प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, वगैरे मी घरात तावातावानं बोललो. बायको म्हणाली, "मग जा कोर्टात. नाहीतर डॉक्टरकडे जा, ते चौकातच आहेत."

आता आजार सिद्ध करणं सोपं असतं. निरोगी असणं कसं सिद्ध करायचं? धडधाकट मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. उरलेल्या वेळात अंग चाटतं, खातं, भिंतीकडे बघतं आणि आपल्याला ओळख दाखवत नाही. यातलं काय मी पुरावा म्हणून सादर करणार होतो?

तर दवाखाना. मांडीवर टोपली, टोपलीत सुपारी. शेजारच्या खुर्चीत एक काका बसले होते. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात कुत्र्याचा रिकामा पट्टा. पट्ट्यातला ऐवज आत टाके काढून घेत होता. "लेकीचं कुत्रं हाय," काका म्हणाले. "पग का काय म्हंत्यात. नाक बसकं, दम लागतोय, पळवत न्हाई. आन तीस हजार दिल्यात जावयानं! तेवढ्यात पूर्वी खिलारी खोंड येत हुता." मग टोपलीकडे बघून, "काय झालंय हिला?"

"काही नाही. बरीच आहे."

"मग आनली कशाला?"

मी दाखल्याचं सांगितलं. मला वाटलं, हसतील. काका गंभीर झाले. "बरुबर हाय. आमाला बी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन जित्तं हाय म्हणून दाखवाय लागतंय. काढा भाईर, मी बघतो."

काका सांगोल्याकडचे. जन्मभर बैलांच्या बाजारात उठबस. खरसुंडीची बैलांची यात्रा त्यांनी एकदाही चुकवलेली नाही, हे मला पहिल्या दोन मिनिटांत कळलं. मी 'नको नको' म्हणेपर्यंत टोपलीचं झाकण उघडलं होतं आणि सुपारी त्यांच्या मांडीवर होती. घरी हिच्या पोटाला चुकून हात लागला तर माझ्या मनगटावर चार रेघा उमटतात. काकांनी दोन बोटांनी जबडा उघडला आणि बाईसाहेबांनी 'आ' केला. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

"चौसा हाय का सहादाती, बघू..." काका वाकले आणि दचकले. "अवो, हिला वरचं बी दात हैत!"

"असतात काका. मांजराला तीस दात असतात."

"तीस?" त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालचे किती आलेत त्यावरून वय ठरतं: चार आले की चौसा, सहा आले की सहादाती, आठ आले की जनावर जुळलं, म्हणजे पुरतं वयात आलं. त्या हिशेबात तीस दात म्हणजे निव्वळ उधळपट्टी. "मग वय कसं वळखायचं?"

"मी तिला पिल्लू असताना आणलंय. मला माहीत आहे तिचं वय."

"मालकानं सांगितलेलं वय बाजारात कोन धरतंय?" समोर लॅब्राडॉर घेऊन बसलेल्या बाई हसल्या. पोपटाचा पिंजरा धरलेला मुलगा खुर्ची सरकवून जवळ आला. तमाशाला प्रेक्षक मिळाले.

काकांनी कपाळावर, मानेवर केसांचा भोवरा शोधला. सापडला नाही. "मग शुभ-अशुभ काय सांगायचं?" नाकाला बोट लावलं. "वलं हाय. ब्येस." मी वाचलेलं होतं की मांजराच्या ओल्या-कोरड्या नाकावरून काही ठरत नाही, झोपून उठलं की नाक कोरडंच असतं. पण सांगायची सोय नव्हती, कारण तोवर काका पोटापाशी पोचले होते. मागच्या पायांच्या पुढे सुपारीची जी सैल पिशवी लोंबते ती त्यांनी हातात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "हिचं वशिंड खाली उतरलंय."

"ते वशिंड नाही काका. मांजरांना असतेच तशी पिशवी. आजार नाही तो."

"मी कुठं आजार म्हनलं? जागा चुकली म्हनलं." मग एकदम, "रवंथ करती का?"

"मांजर रवंथ नाही करत."

"जनावर बरं हाय का न्हाई ते रवंथावरच कळतंय. बैल रवंथ करायचा थांबला की समजायचं, बिघाडलं." इतक्यात सुपारी गुरगुरू लागली. काकांचा चेहरा उजळला. "ही बगा! करती की!"

हे मात्र मला सोसवेना. गुरगुरणं म्हणजे तब्येत उत्तम, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. मांजर खुशीत गुरगुरतं, तसं ते दुखत असताना आणि घाबरलेलं असतानाही गुरगुरतं. मी हे नीट समजावून सांगितलं. लॅब्राडॉरवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे दुखतंय तिला?" पोपटवाल्या मुलाची आई म्हणाली, "दूध देता ना?" देत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी मान हलवली. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, हे ऐकायला कोणी तयार नव्हतं. मांजराला दूध न देणारा माणूस! आजार कुठे आहे ते आता सर्वांना कळलं होतं.

शेवटी काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली माझी बोटं पकडून दाबली. दोन बोटं, मग पूर्ण पंजा. बैलबाजारात दलाल असाच सौदा करतात, भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून. मला ती भाषा येत नाही. मी घाबरून बोट हलवलं, तर काका म्हणाले, "न्हाई, तेवढं न्हाई परवडत."

"किती म्हणालात तुम्ही?"

"अडीचशे. आन टोपली तुमची तुमाला."

मांजर विकायचं नव्हतंच. पण अडीचशे? तपासणीची फीच पाचशे होती!

आत डॉक्टर ताईंनी जे केलं त्याला काकांच्या निम्माही वेळ लागला नाही. हिरडी बोटानं दाबली. पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा वर आलेला नाही, कान स्वच्छ, फासळ्या दिसत नाहीत पण हाताला लागतात. थर्मामीटर जिथे घालतात तिथे घातला: ३८.९ अंश सेल्सिअस, म्हणजे मांजरासाठी ठीक. हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशे. मी हबकलो. "घाबरलीय हो. दवाखान्यात दोनशेवीसपर्यंत चालतात. ही गप्प बसते ती शहाणी म्हणून नाही, भीतीनं थिजलीय म्हणून." हे ऐकून काकांच्या मांडीवरच्या त्या 'आ'चं मला जरा कमी वाईट वाटलं.

मग त्या म्हणाल्या, "दाखला देते, पण खरं सांगू? त्यापेक्षा तिचा मातीचा ट्रे रोज बघत जा. झोपलेली असताना श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत हवेत. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, जाड मांजराच्या तर यकृतावर येतं. आणि उद्या बोका पाळलात आणि तो लघवीला बसून नुसता जोर करताना दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा."

बाहेर भिंतभर पोस्टर होती. गोचीड, जंत, किडलेले दात, सगळं चाररंगी. धडधाकट मांजराचं चित्र एकही नव्हतं. त्यात विकण्यासारखं काही नसतं बहुधा. ताईंनी आणखी एक सांगितलं. माँट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पट्टी काढली आहे. कान, डोळे, मुस्कट, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बेरीज चार किंवा त्याहून जास्त झाली की वेदनाशामकाचा विचार करायचा. सुपारीला शून्य मिळाले. सेक्रेटरींना मी त्या रात्री दाखला देताना मनातल्या मनात गुण दिले: कान पडलेले, डोळे बारीक, मिशा ताणलेल्या, मान खांद्यात. आठ. त्यांनी दाखला उलटसुलट करून विचारलं, "याची मुदत किती?"

पण ते नंतर. काउंटरवर बिल हातात आलं ते साडेसहाशेचं. तपासणी पाचशे, आणि खाली 'मांजर हाताळणी शुल्क' दीडशे. मी म्हटलं, हाताळणी कुणी केली? आत तर ती दगडासारखी बसून होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मांजर असलं की लागतंच सर. सिस्टीममध्येच आहे."

मागून काका वाकून बिल वाचत होते. काखेत पग घोरत होता. "हाताळणी तर मी केली," ते म्हणाले. "निम्मं माझं."

काकांना पैसे मी दिले नाहीत. चहावर तोडगा निघाला, कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन कटिंग आणि खारी. आधी काकांनीच खिशात हात घातला होता. मग म्हणाले, सुट्टं न्हाई.