सीझन पास काढलात ना? मग हे वाचाच

अभिनंदन! अख्ख्या सीझनचा पास काढलात. नाटक, ख्यालाची मैफल, व्हायोलिनवाल्या चौघांचं क्वार्टेट, नृत्य, एकपात्री, सगळं एकाच छताखाली. आता पैसे मोजलेत तर ते वसूल कसे करायचे ते सांगतो. गेल्या शनिवारी शेजारच्या सीटवर एक गुरुवर्य बसले होते, अडीच तासात सगळं शिकवून गेले.

वेळेवर मुळीच जाऊ नका. पडदा वर गेला, अंधार झाला की मग या. सीट रांगेच्या मधोमध असेल तर उत्तमच, मोबाईलचा टॉर्च एकेकाच्या तोंडावर मारत नंबर शोधा. १८७६ साली वॅगनर या जर्मन ऑपेरा-संगीतकाराने बायरॉइट गावात स्वतःचं थिएटर उघडलं तेव्हा मुद्दाम प्रेक्षागृहात अंधार केला, लोकांनी एकमेकांचे कपडे न बघता स्टेजकडे बघावं म्हणून. टॉर्चचं त्याच्या डोक्यात आलं नसणार बिचाऱ्याच्या.

तानपुरे जुळत असताना मोठ्याने विचारा, "अजून सुरू नाही झालं?"

क्वार्टेटची एक मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा एक भाग, संपली की पूर्ण रचना संपायची वाट न बघता दणकून टाळ्या वाजवा. (खरं सांगू, हे मी माफ करतो. १७७८ साली पॅरिसमध्ये संगीतकार मोत्झार्टच्या सिम्फनीला लोकांनी मध्येच टाळ्या दिल्या तर तो खूश होऊन वडिलांना पत्र लिहीत बसला. टाळी वाजवणारा निदान ऐकत तरी असतो.)

खाऊची पिशवी मात्र आत आणाच, आणि हळूहळू उघडा. हळू उघडली म्हणून आवाज कमी होत नाही, फक्त जास्त वेळ पुरतो. हॉलमधल्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्या त्या वॉलेस सेबाइनने फुकट मेहनत घेतली. हा प्राध्यापक रात्री दुसऱ्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणायचा, लेक्चर हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनचा पाइप वाजवून आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्या गणितावर १९०० साली बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला. कशासाठी? तर तुमची पिशवी शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू जावी म्हणून.

आणि फोन. फोन सायलेंटवर टाकायचा नसतो, ती अनाउन्समेंट इतरांसाठी असते. शनिवारी नाटकाचा शेवटचा प्रवेश, ती बाई पत्र हातात घेऊन उभी, वाचून झालंय, बोलत काहीच नाही, नुसता कागद घडी करते, उलगडते, परत घडी करते, हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल, मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि तेवढ्यात गुरुवर्यांच्या खिशात ढोल. बरं वाजला तर वाजला, माणूस आहे, विसरतो, कट कर ना! नाही. आधी खिसा सापडेना, मग चष्मा, मग नाव वाचलं आणि मग उचलला. "हां बोल. नाटकाला आलोय. नाही नाही, चालूच आहे, तू बोल." तू बोल! स्टेजवरच्या बाईचे हात थांबले, अर्धी घडी तशीच. तिने पुढचं वाक्य घेतलं, पण आता सगळं हॉल तिच्याऐवजी याच्या डोक्याकडे बघत होतं. इतका वेळ नटांनी वीट वीट रचून तिथपर्यंत आणलेलं, आणि ह्याने दहा शब्दांत पाडलं. मी "अहो" म्हटलं तर उलट मलाच, "अर्जंट होतं." काय अर्जंट होतं? गाडीची किल्ली कुठे ठेवली ते!

अहो, अर्जंट असेल तर बाहेर जा की. दार आहे. आणि घरी बसूनच बोलायचं असेल तर पास कशाला काढता, ती सीट दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असती, जो आला असता आणि गप्प बसला असता. तिकीट तुम्ही काढलंय तसं आम्हीही काढलंय, आणि आम्ही तुमचं घर ऐकायला आलेलो नाही.

काउंटरवर सीट बदलून मागितली. म्हणाले, पासवर नंबर फिक्स असतो, सीझनभर हेच शेजारी. पुढच्या शनिवारी क्वार्टेट आहे. काका, वाचत असाल तर, तो फोन घरी ठेवून या.