आउटबॅकला कॅराव्हॅन घेऊन जाताय ना, मग गावांत थांबा हो

मेलबर्नच्या आपल्या मंडळींचे जुलैच्या सुट्टीचे प्लॅन सुरू झालेत, बरेच जण कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन आउटबॅकला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या विरळ वस्तीच्या भागात निघालेत, वाचून खूप आनंद होतो. पण प्रत्येक प्लॅनमध्ये तेच, पहिल्या दिवशी एवढे किलोमीटर, दुसऱ्या दिवशी तेवढे, आणि मधली गावं फक्त डिझेल आणि टॉयलेटपुरती. मला हे अजिबात पटत नाही.

मिल्ड्युराहून ब्रोकन हिल या खाणींच्या गावाला जाणारा सिल्व्हर सिटी हायवेच बघा. जवळजवळ 300 किलोमीटर, आणि वेंटवर्थ सोडलं की वाटेत थांबायला काय तर एक कूम्बा रोडहाऊस, म्हणजे हायवेवरचा पेट्रोल-खाण्याचा थांबा. ब्रोकन हिलचं पाणी पण 2019 पासून तिकडूनच येतं, वेंटवर्थजवळ मरे नदीतून उचलून 270 किलोमीटर पाइपलाइनने, कारण आधी ज्या मेनिंडीच्या तलावांवर गाव अवलंबून होतं ते आटायला लागले. एवढं कळल्यावर तिथे कॅराव्हॅनची पाण्याची टाकी भरताना नळ उगाच चालू ठेवायची इच्छाच होत नाही.

बीएचपीचं नाव सगळ्यांना माहितीये, ती खाणींची मोठी कंपनी 1885 मध्ये इथेच सुरू झाली, नावातला बी आणि एच म्हणजे हेच गाव. आणि तिथली पत्र्याची छोटी मशीद नक्की बघा, उंटवाल्यांनी बांधलेली. त्या काळी सगळ्या उंटवाल्यांना सरसकट अफगाण म्हणायचे, पण त्यात पंजाब, सिंध, बलुचिस्तानातले, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातलेही खूप होते. रस्ते नव्हते तेव्हा या भागात सामान त्यांच्या उंटांवरून पोचायचं, आपल्याकडचीच माणसं ना ती, आणि आपणच तिथून न बघता पुढे जातो याचं मला फार वाईट वाटतं.

तिथून पुढे साधारण 200 किलोमीटरवर विल्कॅनिया. तिथे थांबू नका असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच, मला पण सांगितलं होतं, आणि असं सांगणं त्या गावावर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डार्लिंग नदीवरचं हे एकेकाळचं मोठं बंदर, लोकर भरलेल्या आगबोटी इथून जायच्या, त्या काळातल्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून हा बार्किंजी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख, नदीला ते बाका म्हणतात. दिवसाउजेडी पोचा, नदीकाठी चाला, लोकांशी बोला.

आता पैशांचं. मसाले, डाळी, चिवडा घरून न्या, ते तिथे मिळणार नाही. पण दूध, ब्रेड, भाजी, मांस, डिझेल गावातच घ्या ना, एक जेवण तरी पबमध्ये करा, थोडं महाग पडेल पण माल किती लांबून येतो ते बघा. काही गावं फुकट कॅम्पिंगला जागा देतात, टॉयलेटची टाकी रिकामी करायला डंप पॉइंट बांधतात, आलेला माणूस गावात चार पैसे खर्च करेल या आशेवर. आपण शहरातल्या सुपरमार्केटमधून फ्रीज गच्च भरून न्यायचा, त्यांचं पाणी वापरायचं आणि सकाळी निघून जायचं हे बरोबर नाही.

रोज सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात आणि मागे कॅराव्हॅन असताना गाडी पटकन थांबत नाही. कोणाला या बाजूचा रूट हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, सविस्तर लिहून देते.