माडाआडचे दूरदर्शन

आमच्या घरात बोलणे कोकणीतून होते, लिहिणे-वाचणे मराठीतून होते आणि टीव्हीशी भांडण दोन्ही भाषांतून होते. मी पाचवीत असताना वडिलांनी वीस इंची रंगीत संच आणला, तेव्हापासून हे भांडण चालू आहे. मधल्या काळात संच चार वेळा बदलला, माझे केस पांढरे झाले, पण चित्र अडवणारे काहीतरी आमच्या घरासमोर उभे असते, ही व्यवस्था मात्र बदललेली नाही.

आमचे गाव डिचोली तालुक्यात आहे. पणजीच्या आल्तिनो टेकडीवर दूरदर्शनचे केंद्र आहे आणि तिथपासून आमच्या अंगणापर्यंतचे सरळ अंतर सतरा-अठरा किलोमीटरांहून अधिक भरणार नाही. एवढ्या अंतरावर लहरींनी चालत यायला हरकत नव्हती. परंतु नैऋत्येला, नेमका आल्तिनोच्या दिशेला, एक डोंगर आडवा पसरलेला होता. आमच्या तालुक्यातले कितीतरी डोंगर खाणवाल्यांनी खणले, ट्रकांत भरले, बार्जमध्ये ओतले आणि मांडवीतून मुरगाव बंदरात नेऊन तिथून जपानला रवाना केले. हा एकच डोंगर तेवढा त्यांच्या दृष्टीस पडला नाही, कारण त्याच्या पोटात खनिज नव्हते. माझे काका हायस्कुलात विज्ञान शिकवीत. ते म्हणत, “ज्याच्यात काही नसते तोच जागेवर टिकतो. आमच्या शिक्षण खात्यातही असेच आहे.”

अँटेना आली तेव्हा तिला ‘यागी’ म्हणतात हे काकांनीच सांगितले. यागी आणि उदा या दोन जपानी संशोधकांनी ती १९२६ च्या सुमारास तयार केली, असे ते सांगत होते. आजीला मात्र ‘योगी’ ऐकू आले आणि तिने वर चढवण्यापूर्वी पाइपाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. आमचे डोंगर जपानला गेले आणि त्यांच्या बदल्यात जपानची ही काठ्यांची मोळी आमच्या कौलांवर आली, हा व्यवहार काकांना मुळीच पटला नव्हता. दिसायला ती सोललेल्या इसवण माशाच्या काट्यासारखी होती आणि कावळ्यांचेही तेच मत असावे, कारण पहिल्या दिवसापासून त्यांनी तिच्यावर हक्क सांगितला. दोन कावळे एका बाजूला बसले की काटा कलंडे आणि बातम्या देणारी बाई मुंग्यांच्या वारुळात गडप होई.

यागीतल्या सर्वांत लांब काठीने मागे राहायचे असते आणि आखूड काठ्यांनी केंद्राकडे तोंड करायचे असते. ज्या वायरमनने ती बसवली त्याला मोठ्याने पुढे उभे राहावे, हीच रीत ठाऊक होती. त्यामुळे आमची अँटेना आल्तिनोकडे पाठ फिरवून ईशान्येकडे बघत उभी राहिली आणि तरीही चित्र आले. धूसर, थरथरते, पण आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र अंगणात जाऊन दहा मिनिटे डोके खाजवत उभे राहिले. ईशान्येला दूरदर्शन नव्हतेच. तिकडे होता खाणीच्या टाकाऊ मातीचा प्रचंड ढिगारा. आल्तिनोहून निघालेल्या लहरी डोंगराला कशाबशा ओलांडत, आमच्या डोक्यावरून जाऊन त्या ढिगाऱ्यावर आपटत आणि तिथून परत फिरून आमच्या उलट्या अँटेनात शिरत होत्या. खाणीने आमच्या घरावर केलेला तो पहिला आणि शेवटचा उपकार.

अँटेना सुलटी केल्यावर चित्र उजळले, पण प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याची फिकट सावली उभी राहू लागली. सरळ आलेली लहर आणि ढिगाऱ्यावर आपटून उशिरा आलेली लहर, अशी ती दोन चित्रे होती. रविवारी सकाळच्या पौराणिक मालिकेला वाड्यावरची अर्धी वस्ती आमच्या ओसरीवर जमायची आणि दहा तोंडांचा रावण आमच्याकडे वीस तोंडांचा दिसायचा. शेजारच्या गावात तो दहाच तोंडांचा दिसतो हे कळल्यावर आमच्या वाड्याला त्याबद्दल थोडा अभिमानच वाटू लागला.

काकांनी मात्र लाकडी फूटपट्टी आणली आणि ती काचेवर आडवी धरली. सावली मूळ चित्रापासून बरोबर तीन सेंटिमीटरवर होती. मग त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. पडद्याची रुंदी चाळीस सेंटिमीटर. एक ओळ पडद्यावर रेखाटायला ५२ मायक्रोसेकंद लागतात. एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. म्हणजे तीन सेंटिमीटरची सावली सुमारे ११७० मीटर जास्तीचे अंतर चालून आली आहे. जाऊन-येऊन धरले तर तिचे निम्मे, म्हणजे ५८५ मीटर. दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन ढिगाऱ्यापर्यंत पावले मोजत गेले आणि परत येऊन फक्त “सुमारे सहाशे” एवढेच बोलले. त्या दिवसापासून आमचा टीव्ही हे मोजमापाचे यंत्र झाले. सावली एक मिलिमीटरने अलीकडे आली की ढिगारा वीस मीटरने आमच्याकडे सरकला, असा हिशेब ठरला. ग्रामसभेत खाणीच्या मातीचा विषय निघाला तेव्हा काका उभे राहून म्हणाले, “गेल्या चवथीपासून ढिगारा साठ मीटर पुढे आला आहे.” पुरावा काय, असे विचारल्यावर त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली. त्यानंतर त्यांना ग्रामसभेत बोलायला कोणी फारसे सांगितले नाही.

पावसाळ्यात या शास्त्राचाही धीर सुटे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा अँटेनाच्या त्या चपट्या वायरीवरून ओघळून थेट खिडकीत उतरत असे. वायर भिजली की चित्र मरगळे. मग वडील शिडीवर, मी खिडकीत आणि आई टीव्हीपुढे, अशी साखळी लागे. आई म्हणे “आयलें”, मी ओरडे “आयलें”, तोवर वडिलांचा हात निसटे आणि आई म्हणे “गेलें”. तरीही त्या साऱ्या प्रकाराला एक न्याय होता. काठी जेवढी फिरवावी तेवढे चित्र सुधारायचे किंवा बिघडायचे, आणि जे काही व्हायचे ते त्याच क्षणी व्हायचे. अर्धवट चित्रावर तडजोड करता येत असे. क्रिकेटचा चेंडू दिसत नसला तरी फलंदाज कोणत्या दिशेला मान वळवतो ते दिसायचे, आणि आमचे भागायचे.

पुढे डिजिटल प्रक्षेपणाची चर्चा सुरू झाली, तेव्हा निवृत्त झालेले काका पुन्हा तरुण झाले. जमिनीवरच्या मनोऱ्यावरूनच येणाऱ्या डिजिटल चित्रात उशिरा आलेल्या लहरीसाठी थोडा मोकळा वेळ मुद्दाम राखून ठेवलेला असतो, त्यामुळे प्रतिध्वनीची सावली पडतच नाही, हे त्यांनी मला वाड्यातल्या लग्नाच्या पंगतीत सोलकढी पिता पिता समजावून सांगितले. त्याच वेळी त्यांनी इशाराही दिला की या पद्धतीत धूसर चित्र हा प्रकार नाही. सिग्नल पुरेसा असेल तोवर चित्र काचेसारखे स्वच्छ आणि किंचित कमी पडला की चौकटी-चौकटी होऊन सारे काही ठप्प. “म्हणजे उधारी बंद,” मी म्हणालो. त्यांना ही उपमा फारशी आवडली नाही. बाजारात एका दुकानदाराने त्यांना ‘डिजिटल अँटेना’ दाखवली, तेव्हा ते त्याच्यावर उखडलेच. ॲल्युमिनियमच्या नळीला आपल्यातून काय वाहते आहे, हे कळत नाही, तीच जुनी यागी योग्य लांबीची असेल तर चालते, असे त्यांनी त्याला अर्धा तास शिकवले आणि काही न घेता घरी आले.

मग फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसारभारतीने अशी डिजिटल सेवा सुरू केलेल्या सोळा शहरांची यादी जाहीर केली. काकांनी ती वर्तमानपत्रात दोनदा वाचली. मुंबई होती, औरंगाबाद होते, इंदूर होते, कटकसुद्धा होते, पणजी नव्हती. योगायोग असा की, त्याच वर्षी गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माडाला वगळण्यात आले होते. ज्या वर्षी पणजी शहरांच्या यादीत नव्हती त्याच वर्षी माड झाडांच्या यादीत नव्हता. या दोन गोष्टींचा माझ्या पुढच्या आयुष्याशी इतका जवळचा संबंध येणार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते.

दूरदर्शनने आपले जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करीत आणले आणि आमच्या यागीवर फक्त कावळे उरले. शेवटी मी गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिश या मोफत उपग्रह सेवेची ताटली बसवून घेतली. गोव्यातून तिचे तोंड आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर, आकाशात ३६ हजार किलोमीटरवर असलेल्या उपग्रहाकडे करावे लागते. नैऋत्येचा डोंगर आता वाटेत नाही, हे पाहून मला फार बरे वाटले. मात्र आग्नेयेला गच्चीपासून सहा मीटरवर आजीने लावलेला माड आहे. तो लावला तेव्हा ६१ अंशांत काही येईल, असे तिला कोणी सांगितले नव्हते.

हा माड चित्र पूर्ण अडवत नाही, हीच त्याची खरी कुचेष्टा आहे. वारा पडलेला असला की त्याचे एक लांब चुडत, म्हणजे झावळी, ताटलीच्या समोर येऊन थांबते आणि टीव्हीवर मंत्री तोंड उघडे ठेवून गोठतात. वारा सुटला की चुडत बाजूला होते आणि मंत्री वाक्य संपवतात. दोन-तीन वाऱ्यांचे एक वाक्य होते. ताटली थोडी सरकवून पाहावी म्हटले, तर इथे वडिलांच्या काळातला न्याय नाही. बायको खिडकीतून फोनवर सिग्नलच्या क्वालिटीचे आकडे सांगते, “अहो, चाळीस... साठ... गेलं,” पण सेट-टॉप डब्याला आकडा ठरवायला तीन-चार सेकंद लागतात. तिने सांगितलेले साठ हे माझ्या आधीच्या जागेचे असतात आणि मी तोवर पुढे सरकलेला असतो. एके संध्याकाळी आम्ही पाऊण तास एकमेकांच्या भूतकाळाशी बोललो.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी आरामखुर्चीतून कोनमापक, दोरी आणि लोखंडी वायसर मागवले आणि अंगणात जागोजागी मला उभे करून ६१ अंशांवर आकाश मोकळे कुठे मिळते ते शोधले. पूर्ण मोकळे आकाश अंगणात नेमके एकाच ठिकाणी सापडले आणि तिथे तुळशीवृंदावन आहे. आईने दारातूनच नुसते पाहिले. आम्ही दोरी गुंडाळली.

“मग माडच काढा,” भाचा म्हणाला, “कायद्याने तो झाड नाही.” आई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि पुढच्याच वर्षी सरकारने माडाला पुन्हा झाड मानायचे ठरवून वर राज्यवृक्षाचा मानही देऊ केला. राज्यवृक्षापुढे फ्री डिश ती काय!

तेव्हापासून आमच्या चित्राची प्रत पाडेलीच्या हातात आहे. तो तीन महिन्यांनी येतो, सरसर वर चढतो, नारळ खाली टाकतो आणि उतरण्यापूर्वी खालच्या बाजूची सुकलेली चुडते कोयत्याने तोडतो. त्यानंतर पाच-सहा आठवडे आमच्याकडे प्रत्येक वाहिनी लख्ख दिसते. मग नवे चुडत हळूहळू वाकू लागते आणि मंत्री पुन्हा गोठू लागतात. पाडेली आता पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत. गेल्या खेपेला येऊन त्याला पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तरी बायकोने त्याला फोन करण्याची गळ घातली, कारण तिच्या मालिकेतले लग्न तीन दिवस अंतरपाटाशीच अडकून पडले होते. मी जरा चाचरतच त्याला बोलावले. तो पलीकडे क्षणभर गप्प राहिला.

“पात्रांव,” मग त्याने अगदी अदबीने विचारले, “तुमकां नाल्ल काडपाक जाय, काय टीव्ही पळोवपाक?” (मालक, तुम्हांला नारळ काढायला हवेत, की टीव्ही पाहायला?)