अंगण खरंच वाकडं असतं

फॉर्म्युला वनच्या चाहत्यांमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्याच्या नावावर पॉइंट नाही तो ड्रायव्हर फ्लॉप, 'अंडरडॉग' (कमकुवत बाजूने लढणारा) हे त्याला दिलेलं गोंडस नाव, आणि गाडीला दोष देणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. खाली निकालपत्रक. इटलीचा लुका बादोएर नापासांत पहिला, आपला करुण चांडोकही नापास, नारायण कार्तिकेयन मात्र पास, कारण त्याचे 5 पॉइंट आहेत.

ते 5 पॉइंट आले कुठून ते बघू. 2005, अमेरिकेतली इंडियानापोलिसची रेस. मिशेलिनचे टायर टिकतील याची खात्री नव्हती म्हणून 14 गाड्या फॉर्मेशन लॅप (रेस सुटण्याआधीची सावकाश फेरी) संपवून थेट गॅरेजमध्ये वळल्या. ट्रॅकवर उरल्या सहा. जॉर्डन टीममधला नारायण चौथा आला. त्यात त्याचा काही दोष नाही, पण तो किती वेगवान होता हे त्या आकड्यावरून कळणार कसं?

आता बादोएर. 1992 चा फॉर्म्युला 3000 (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) विजेता, म्हणजे लिंबूटिंबू नव्हे. 1999 मध्ये जर्मनीतल्या नुरबर्गरिंगला, पावसापाण्यात आणि पडझडीत, तो मिनार्डी या तळाच्या टीमची गाडी घेऊन चक्क चौथ्या क्रमांकावर होता. 13 लॅप उरल्या असताना गिअरबॉक्स गेला, मागून धूर निघायला लागला. तो उतरला आणि गाडीपाशीच गुडघे टेकून रडला. त्याचा टीममेट मार्क जेने सहावा आला, 1 पॉइंट घेऊन. फॉरवर्डच्या हिशेबात त्या दिवशी जेने पास आणि बादोएर नापास! शिवाय तेव्हा पॉइंट पहिल्या सहांनाच मिळायचे, आज दहांना मिळतात. ही मोजपट्टीच मध्ये ताणली गेली आहे.

'शून्य पॉइंट' किती फसवतो ते विल्यम्स टीमच्या 2019 च्या हंगामात दिसतं. जॉर्ज रसेलने क्वालिफाइंगमध्ये (रेसला कोण कुठून सुटणार हे ठरवणाऱ्या फेरीत) टीममेट रॉबर्ट कुबिकाला 21 पैकी 21 वेळा मागे टाकलं. वर्षअखेर पॉइंट कुबिका 1, रसेल 0. पुढच्या वर्षी बहरीनमधल्या साखीरला रसेलला एका रेसपुरती तेव्हाची सर्वांत वेगवान गाडी, मर्सिडीज, मिळाली, तर गडी ग्रिडवर (सुटण्याच्या रांगेत) दुसरा, पोलपासून (पहिल्या जागेपासून) 0.026 सेकंद दूर.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकात कालवलेत. अंडरडॉग कोण, हे गाडीवरून ठरतं. अपयशी कोण, हे तीच गाडी चालवणाऱ्या टीममेटवरून. 'अपयशी अंडरडॉग' म्हणायचं तर दोन्ही लागू व्हायला हवं, आणि तेही त्या हंगामापुरतं, जन्मभरासाठी नाही.

ही कसोटी माझ्या लाडक्या बादोएरलाही लावतो. 2009 मध्ये फेरारीचा ड्रायव्हर फिलिपे मासा जखमी झाल्यावर त्याला फेरारी मिळाली. बेल्जियममधल्या स्पाला त्याच गाडीत त्याचा टीममेट रायकोनेन जिंकला, बादोएर शेवटचा. दहा वर्षांनी रेस करत होता आणि त्या वर्षी हंगामात टेस्टिंगला बंदी होती, सगळं खरं. तरी तिथे तो अपयशीच. पण अंडरडॉग नव्हता.

'चांगला असता तर चांगली गाडी मिळालीच असती' याचं उत्तरही त्याच स्पामध्ये आहे. दुसरा आला होता फिसिकेला, विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियात, टीमचे पहिलेवहिले पॉइंट घेऊन. लगेच त्याला बादोएरची फेरारी मिळाली. उरलेल्या पाच रेसमध्ये त्याचे पॉइंट? शून्य. दोन आठवड्यांत तो गाडी चालवायला विसरला की काय?

पैसे देऊन सीट घेणारे कुचकामीच, असं कुणी म्हणालं तर एकच नाव पुरे: निकी लाउडा. बँकेचं कर्ज काढून आला, तीन वेळा जगज्जेता झाला.

राहिला करुण. 2010 मध्ये एचआरटी या नवख्या टीमने त्याला दिलेल्या गाडीची चाकं बहरीनमध्ये पहिल्यांदा फिरली ती थेट क्वालिफाइंगमध्ये. ना टेस्टिंग, ना सराव. गिअर नीट पडतात का, ब्रेक कुठे चावतो, हे तो घड्याळ चालू असताना शोधत होता. ग्रिडवर शेवटचा, रेसमध्ये लगेच बाहेर. पण दोन आठवड्यांनी मेलबर्नला त्याने तीच गाडी शेवटपर्यंत नेली, 14 वा आला. टीममेट ब्रूनो सेनाची गाडी तोवर केव्हाच बंद पडली होती.