पेनल्टी हुकली? आधी बडग्या शोधा

तर तुम्ही पेनल्टी हुकवली. हुकवली म्हणजे गोलकीच्या हातात मारली असंही नाही. चेंडू क्रॉसबारवरून, मैदानाच्या भिंतीवरून आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या सेक्रेटरीसाहेबांच्या स्कूटरवरून गेला. लीगचा सामना, शेवटची चार मिनिटं, बरोबरीला एक गोल हवा होता. रात्रीपर्यंत बातमी नागपूरच्या मोमिनपुऱ्यात पोचली आणि तिथून कामठीला. कामठीत फुटबॉलची बातमी पोचायला मोबाइलची रेंज लागत नाही. आता तुम्ही गल्लीतून निघालात की सात वर्षांचं पोट्टंसुद्धा मान वर करून आभाळाकडे बघतं. चेंडू अजून खाली आला की नाही, म्हणून.

घाबरू नका. यातून सुटायचा मार्ग आहे आणि तो मी तुम्हाला फुकट सांगणार आहे. माझी पात्रता विचाराल, तर तीस वर्षं मैदानाशेजारच्या बाकावर बसलो आहे. एकदाही आत उतरलो नाही, त्यामुळे माझ्या मतांना अजून चिखल लागलेला नाही.

सगळ्यात आधी सराव बंद करा. लोक म्हणतील, पहाटे उठ, रोज शंभर पेनल्टी मार, डावा पाय पक्का कर. पहाटे साडेपाचला बघतंय कोण? तेव्हा मैदानावर कुत्री असतात आणि गुडघ्याला पट्टा बांधून चकरा मारणारे दोन निवृत्त साहेब असतात. तुमचा निकाल लावणारी मंडळी नऊ वाजता तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमतात. तिथं तुमचा डावा पाय दिसत नाही, तोंड दिसतं. तेव्हा साडेआठपर्यंत झोपा, नऊला ठेल्यावर हजर व्हा, तोंड पाडून उभे राहा आणि तर्री दुसऱ्यांदा मागू नका. पेनल्टी हुकवलेल्या माणसानं तर्री बेतानं घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही नागपूरचे, तुम्हाला बडग्या समजावून सांगायला नको. पण पुण्या-मुंबईकडचं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. त्यांच्यासोबत बडगे निघतात, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे. त्या वर्षी शहराला जे जे सलत असेल त्याचा एकेक बडग्या. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा. लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात, 'घेऊन जा गे मारबत!' मग बडगे जाळतात आणि घरी जाऊन जेवतात. खड्डे जागच्या जागी असतात, पण जेवण चांगलं जातं.

फुटबॉलचंही तसंच आहे. क्लबाला मोसमाला एक बडग्या लागतो. यंदा तो तुम्ही. आता तुम्ही कितीही चांगले खेळलात तरी बडग्या चांगला खेळला एवढंच लोक म्हणतील. सुटायचं तर तुमच्यापेक्षा मोठा बडग्या उभा राहायला हवा, आणि देवानं त्यासाठी प्रत्येक क्लबाला एक माणूस देऊन ठेवला आहे. त्याच्या गळ्यात शिट्टी असते.

विश्वास बसत नसेल तर इंग्लंडच्या डेव्हिड बेकहॅमचं बघा. 30 जून 1998, विश्वचषक, समोर अर्जेंटिना. हा पालथा पडला होता, पडल्या पडल्या पाय उचलून सिमिओनेच्या पोटरीला लावला. लाल कार्ड. इंग्लंड पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. त्यात पेनल्ट्या हुकवल्या इन्स आणि बॅटी या दोघांनी, पण सगळा राग गेला बेकहॅमवर. (तुमच्यासारख्याला केवढा धीर देणारी गोष्ट आहे ही! पेनल्टी हुकवणारे दोघं, आणि बडग्या तिसराच.) एका पेपरानं छापलं, दहा शूर सिंह आणि एक मूर्ख पोरगा. लंडनमध्ये एका पबबाहेर त्याचा पुतळा फासावर टांगला. म्हणजे बडग्याच की! फक्त ढोल नव्हते.

मग तिकडे कोच बदलायला लागले. हॉडल फेब्रुवारी 1999 मध्ये गेला. अपंग माणसं मागच्या जन्मीचं फेडतात, अशा अर्थाचं काहीतरी बोलून बसला, म्हणून. (आपल्याकडे एवढ्यावर लोकांच्या नोकऱ्या जायला लागल्या तर निम्मी ऑफिसं ओस पडतील.) मग विल्किन्सन हंगामी. मग कीगन. ऑक्टोबर 2000 मध्ये जर्मनीकडून हरल्यावर कीगननं वेम्बलीच्या संडासात उभ्या उभ्या राजीनामा दिला. पुन्हा विल्किन्सन. मग पीटर टेलर एका सामन्यापुरता आला आणि त्या एका सामन्यात बेकहॅमला कप्तान करून गेला. मग स्वीडनचा एरिक्सन. खुर्चीवर इतकी माणसं बसली-उठली की मूळ गुन्हा काय होता ते खुर्चीलाही आठवेना. 6 ऑक्टोबर 2001 ला ग्रीसविरुद्ध 93व्या मिनिटाला बेकहॅमची फ्री किक जाळ्यात, इंग्लंड विश्वचषकात. 7 जून 2002 ला जपानमधल्या साप्पोरोला पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा बेकहॅम, पेनल्टी, गोल, 1-0. फिटलं.

काही चिकित्सक लोक इथं मध्ये तोंड घालतात. म्हणतात, या चार वर्षांत त्याच्या क्लबाचा कोच फर्ग्युसन एकदाही बदलला नाही. 1999 मध्ये त्याच क्लबाकडून तो एका मोसमात तीन मोठे चषक जिंकला. ज्या मैदानावर जाईल तिथं शिव्या खात कॉर्नर मारायला जात राहिला. आणि ग्रीसविरुद्धही आधीच्या फ्री किक एकामागून एक वाया गेल्यावर पुढची मारायला पुन्हा तोच उभा राहिला. हे सगळं खरं आहे. पण आपल्या सिद्धांतात बसत नाही, म्हणून सोडून देऊ.

तुमच्या क्लबाकडे येऊ. दोन मोसमांत तीन सर म्हणजे तुमचं नशीब बलवत्तर आहे. पहिले सर पोलिसातून निवृत्त. त्यांचं डावपेचांचं पुस्तक एका ओळीचं: मैदानाला दहा चकरा. हरलात तर शिक्षा म्हणून, जिंकलात तर माज उतरावा म्हणून. तुम्ही चकरा न थांबता मारता हे बघून त्यांनी तुम्हाला फॉरवर्ड केलं. दुसरे सर स्वतः मोठ्या संघांतून खेळलेले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, 'याले फॉरवर्ड कोनं केलं बे?' कोणी केलं ते कळल्यावर त्यांनी तुम्हाला स्टॉपर केलं. तुम्ही गोल खाल्ले म्हणून पुन्हा फॉरवर्ड केलं, आणि पेनल्टी मारायला सांगितलं तेही त्यांनीच. त्या पेनल्टीनंतर सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना नारळ दिला. तिसरे सर सेक्रेटरीसाहेबांचे साडू. ते लॅपटॉप घेऊन येतात. मे महिन्यात दुपारी चारला, गवताचं पातं नसलेल्या मैदानावर, 'हाय प्रेस' म्हणतात, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच गोलजवळ जाऊन घेरा. पोरं धुळीत एकमेकांना दिसत नाहीत, प्रेस कोणाला करायचं? या सरांनी तुम्हाला अजून कुठंच ठेवलेलं नाही. पाण्याच्या बाटल्या तुमच्याकडे असतात.

हीच संधी आहे. नवे सर कोणतेही असोत, पहिल्या दिवशी म्हणतात, 'जुनं विसरा, पाटी कोरी.' त्याच क्षणी वाकून नमस्कार करा आणि म्हणा, 'सर, आधीच्या सरांनी मला समजूनच घेतलं नाही.' हे वाक्य कोणत्याही सरांपुढं चालतं, कारण प्रत्येक नव्या सरांची आधीच्या सरांबद्दल हीच तक्रार असते. फक्त आधीच्या सरांना फार शिव्या घालू नका. नागपूर लहान आहे. दोघं कोणाच्या तरी लग्नात एकाच पंगतीला बसतील आणि वांग्याच्या भाजीबरोबर तुमचं नाव निघेल. शिवाय गेलेले सर परतही येतात. विल्किन्सन आला की नाही?

एक गोष्ट मात्र मला अजून उमगलेली नाही. याच शहरात विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली आणि 2001 साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. त्या बादलीच्या खेळाला ना कोच होता ना सेक्रेटरी. कोण चुकलं हे ठरवायची काहीच सोय नाही, तरी पोरं भर पावसात खेळत होती. आपण त्याच्या कितीतरी पुढं आलो आहोत.

मोठ्या मैदानावरचं उदाहरण हवं असेल तर गुरप्रीतसिंग संधूचं घ्या. 18 नोव्हेंबर 2024, हैदराबाद, समोर मलेशिया. आपला हा एवढा उंच गोलकी डी सोडून धावत पुढं आला, चेंडू चुकला आणि मागं रिकाम्या गोलात गेला. सामना 1-1. कोच होते मानोलो मार्केझ. पुढच्या जूनमधल्या सामन्यासाठी यादी निघाली तर गुरप्रीतचं नावच नाही. तो सामना आपण हाँगकाँगकडून हरलो. जुलैत मानोलो गेले, ऑगस्टमध्ये खालिद जमील आले, गुरप्रीत परत. ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत जाऊन यजमानांची पेनल्टी अडवली. 8 सप्टेंबर 2025 ला ओमानविरुद्ध शूटआउटमध्ये शेवटची अडवली, भारत स्पर्धेत तिसरा. बघा, कोच बदलला आणि माणसाचे हात लांब झाले! हात आधीही तेवढेच होते म्हणणारे निघतील, त्यांना तर्री वाढू नका. आणि पुढच्याच महिन्यात गोव्यात सिंगापूरकडून 1-2 हरून आशिया चषकाचं दार बंद झालं, तेव्हा आमच्या बाकावर नव्या बडग्यासाठी बांबू केव्हाच आलेले होते.

दिलगिरीची मात्र वाट बघू नका. ती एकदाच मिळाल्याचं मला माहीत आहे, तीही घानात. हॅरी मॅग्वायर हा मँचेस्टर युनायटेडनं 8 कोटी पौंडांना विकत घेतलेला बचावपटू. इतका फसला की 2022 मध्ये घानाच्या संसदेत एका खासदारानं अर्थव्यवस्था बुडवल्याबद्दल उपराष्ट्राध्यक्षांवर टीका करताना मॅग्वायरची उपमा दिली. माणूस मँचेस्टरमध्ये चुकतो आणि घानाच्या बजेटमध्ये निघतो. 2023 च्या जुलैत त्याची कप्तानी गेली. दुसऱ्या क्लबात जायचं ठरत आलेलं, तेही फिसकटलं. मग तो खेळायला लागला, आणि वर्षभरानं त्याच खासदारानं त्याच संसदेत उभं राहून मॅग्वायरची माफी मागितली. (उपराष्ट्राध्यक्षांची नाही.) पुढं आणखी कोच बदलले, आणि एप्रिल 2025 मध्ये लिऑनविरुद्ध जादा वेळही संपत आल्यावर त्यानं डोक्यानं गोल करून सामना 5-4 नं काढला. घानाच्या खासदारानं मागितली म्हणून आमच्या बाकावरचा कोणी माफी मागेल असं समजू नका. आमच्याकडे माफीचं एकच वाक्य आहे: 'मी तं पयलेच म्हनलो होतो.'

ते वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. कसं, ते ऐका. सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोचं आणि तिच्या बहिणीचं राखीला भांडण होईल. लॅपटॉपवाले सर त्याच आठवड्यात जातील. चौथे सर येतील, पाटी कोरी करतील. फॉरवर्डच्या चुलत भावाचं लग्न निघेल, म्हणून तुम्हाला आत घेतील. कॉर्नर येईल, तुम्ही डोकं लावायला जाल, चेंडू खांद्याला लागून आत जाईल. सरावाचा संबंध कुठं आला? (आता तुम्ही चोरून पहाटे जात होतात हे मला त्या पट्टेवाल्या साहेबांनी सांगितलं आहे. पण ते मी कोणाला बोललेलो नाही.)

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ठेल्यावर या. या वेळी तर्री न मागता मिळेल. बाकावरचे सरकून जागा देतील. 'मी तं पयलेच म्हनलो होतो, पोट्ट्यात दम हाये. कोचच बेकार होता.' सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून होईल, पन्नी तुमच्यापुढं येईल. कालचा सामना निघेल. तुमच्या गोलनं आपण पुढं होतो, तरी शेवटी 2-1 नं हरलो. दुसरा गोल गोलकीच्या दोन पायांमधून गेला. तो एकोणीस वर्षांचा पोरगा त्याच वेळी रस्त्यापलीकडे सायकल लावत असेल, चहा प्यावा की न प्यावा अशा विचारात, तोंड पाडून. बाक एकदम गप्प होईल आणि मग कोणीतरी हळूच तुम्हाला विचारेल, 'तू सांग ना बे, तू तं खेळून राहिला त्याच्यासंग. कसा हाये तो?'

सगळे तुमच्याकडे बघताहेत. पोरगा रस्ता ओलांडून राहिला आहे.