वारसा वाचवायचाय? आधी माणसं हाकला

गेल्या महिन्यात एका नावाजलेल्या वारसास्थळी पायरीवर टेकले आणि शिट्टी वाजली. "मॅडम, उठा. हेरिटेज आहे." उठले. पायरी मधोमध चांगली चार बोटं झिजलेली होती. शेकडो वर्षं माणसं तिच्यावरून गेली-आली, बसली, गप्पा मारल्या, म्हणून झिजली. त्या झिजेचं कौतुक करणारा फलकही शेजारीच होता. वाचायचं, बसायचं नाही. बसायला पलीकडे स्टीलचा चकचकीत बाक ठेवलेला. त्यावर बसलं की समोर तिकीटखिडकी दिसते.

तेव्हापासून मी या वारसा-जतनाच्या शास्त्राचा अभ्यास केला. तुमच्याही हाती कधी एखादं जुनं ठिकाण लागलं तर उपयोगी पडेल म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिलं काम, नकाशावर रेघ मारा. रेघेच्या आत वारसा, बाहेर मोकळं रान. आतल्या विटेला धक्का लावू नका, बाहेर हवं ते उभारा. कोणीतरी १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, घेऊन येईलच. वास्तूला तिच्या परिसरापासून तोडता येत नाही, हे सातवं कलम बोट ठेवून दाखवील. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराने एल्ब नदीवर चौपदरी पूल बांधलाच ना? २००९ मध्ये जागतिक वारसा यादीतून नाव गेलं. गेलं तर गेलं, पूल तर झाला! २०२१ मध्ये बंदरकाठच्या नव्या बांधकामांपायी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचंही गेलं. एकटं वाटायचं कारण नाही.

जागाच आड येत असेल तर वास्तू उचलून न्या. १९६८ मध्ये एका अमेरिकन उद्योजकाने जुना लंडन ब्रिज २४ लाख ६० हजार डॉलरला विकत घेतला आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभा केला. आत नवं काँक्रीट, वरून जुने दगड. आधी कोरड्या जमिनीवर पूल झाला, मग त्याच्याखालून पाणी काढलं. नदी काय, कुठेही खणता येते.

फलकावर 'अप्रतिम शिल्पकलेचा नमुना' एवढं लिहा आणि मोकळे व्हा.

रात्री जांभळे दिवे. हे विसरलात तर मंजुरी मिळणार नाही.

जागा कोणाला पवित्र वाटत असेल तर सूचना लावा, पण शिडीही लावा. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूच्या खडकावर चढू नका, असं तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक कित्येक वर्षं विनवत होते. चढायला आधाराची साखळी मात्र ठोकलेलीच होती. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली, तर त्याआधीच्या दिवसांत 'राहून जायला नको' म्हणून पायथ्याशी रांग लागली. वारशावरचं प्रेम म्हणतात ते हेच असावं.

आता मुख्य अडचण. तिथे राहणारी माणसं. ती वाळत घालतात, भांडतात, भिंतीला खिळे ठोकतात, फोटोत मध्ये येतात. त्यांचं काय करायचं ते इजिप्तमधल्या अबू सिंबेलकडून शिकावं. अस्वानच्या धरणात बुडू नयेत म्हणून १९६४ ते १९६८ या काळात तिथली मंदिरं कापली, तुकड्यांना क्रमांक दिले आणि सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडली. वर्षातून दोनदा सूर्याची किरणं आतल्या मूर्तींपर्यंत पूर्वीसारखी पोचावीत, याचाही हिशेब ठेवला. थक्क करणारं काम, खोटं कशाला बोलू! आणि त्याच काठावरचे नुबियन लोक? त्यांची गावं पाण्याखाली गेली आणि हजारो माणसं कोम ओम्बोच्या बाजूला नव्या वसाहतींत नेऊन टाकली. धरण काही मंदिरं वाचवणाऱ्यांनी बांधलं नव्हतं, हे मान्य. पण दगडांना क्रमांक मिळाले ते पुन्हा एकत्र यावेत म्हणून. माणसांच्या शेजाराचा असा हिशेब कोणी ठेवला?

आणि कुठे धरण नसलं तरी भाडं असतंच. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहायचे, आज ५० हजारही नाहीत. राजवाडे जागेवर, कालवे जागेवर, पूल जागेवर. घराघरांत पाहुणे. बूट शिवणारा गेला, वाणी गेला, मुखवटे विकणारा मात्र भरभराटीला. हे सगळं जतन झालेलंच आहे म्हणे!

माली देशातल्या जेने गावाला मात्र अजून ही अक्कल आलेली नाही. तिथली मोठी मशीद मातीची, सध्याची इमारत १९०७ ची. पावसाने लिंपण धुपतं, म्हणून दरवर्षी गाव गोळा होतं, पोरंटोरं चिखल वाहतात, गवंडी वर चढून लिंपतात. निविदा नाही, शिट्टी नाही. जपानात इसेचं देवस्थान तर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ मध्ये बासष्टाव्या वेळी बांधलं. लाकूड नवं, आणि हाताखाली शिकलेला सुतार पुढच्या खेपेला शिकवायला तयार. 'मग अस्सल काय?' हा प्रश्न १९९४ मध्ये जपानातल्याच नारा इथे तज्ज्ञांनी मांडला आणि अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत तपासावा, असं लिहून ठेवलं. लिहून ठेवलंय म्हणजे झालंच की. कपाटात आहे.

पुरे झालं. मला आता उपरोध सुचत नाही.

त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा होते. मला उठवलं तेव्हा हसले. म्हणाले, "त्या पायरीवर मी अभ्यास केलाय. आत घर होतं आमचं. आता तिकीट काढून येतो." ज्या झिजेवर तुम्ही फलक लावलात, त्यातली थोडी त्यांची आहे. आणि तुम्ही त्यांना त्याच पायरीवरून उठवता? कोणाकडून वाचवताय तिला? एका म्हाताऱ्या माणसाच्या बुडाने काय दगड फुटणार आहे? जांभळ्या दिव्यांसाठी भिंतीला भोकं पाडलीत, तेव्हा कुठे होती ही शिट्टी? तुम्हाला वास्तू नकोय, रिकामी वास्तू हवीय, म्हणजे झाडायला सोपी. निदान जतनाचं नाव तरी घेऊ नका.

आणि त्या आजोबांचे तिकिटाचे पैसे परत करा.